ओट्याची उंची

मिस्त्रीनं विचारलं, ओटा किती घ्यायचा ताई?
मी म्हटलं, घ्या नेहमीसारखा,
अन् तोंडातला शब्द संपायच्या आत
महानंदाक्का आठवली,
जुन्या घरातल्या न्हाणीच्या दारात
कपाळ चोळत उभी.

आमची अक्का सहा फुटाला दोन बोटं कमी.
उदगीरच्या त्या गल्लीत
तिच्या कपाळाची अन् चौकटीची
सोयरीक शाळेत असतानाच जुळलेली.
लागलं की आई म्हणायची, "दिसत नाही का तुला?"
दाराला कधी कुणी बोललं नाही.

आमच्या घरची शिडी होती ती.
माळ्यावरची परात काढ.
बल्ब बदल. जळमटं काढ.
नळ यायचा आठ दिवसाला,
तर टाकीत किती उरलंय, बघून सांग गं, उभ्या उभ्या.
तिलाही कधी खाली बसून
मेथी निवडत गप्पा मारायच्या असतील,
हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.
डोकी तशी बरीच होती घरात.

अन् मी. बुटकी. तोंडाळ.
"काय करलालीस गं अक्का, वर गारठा सुटलाय का?"
प्रत्येक पंगतीला हेच.
पाहुणे हसायचे, तीही हसायची
अन् हसता हसता खांद्यात थोडी मिटायची.
पोक आलं तिला, तेव्हा आम्हीच म्हणालो,
ताठ चालावं बाई माणसानं.

निलंग्याचे बघायला आले
तर मावशीनं तिला भिंतीशी बसवून ठेवलं,
उठू नकोस, चहा धाकटी नेईल.
नेला मी.
नवऱ्या मुलानं बशी घेतली, आत बघितलं,
म्हणाला, "त्यांना उभं राहायची बंदी हाय का?"

दाजी तिच्या कानाएवढे.
लग्नात फोटोवाला म्हणाला, वहिनी, चप्पल काढा जरा.
तिनं काढली.
दाजींनी आपलीही काढली.
तो फोटो अजून आहे. दोघंही अनवाणी,
फरक तेवढाच्या तेवढा.

मला मात्र हे सगळं कळायला
एक पंचमी लागली.
आली होती राहायला. माझ्याच ओट्यावर
सगळ्यांसाठी दिंडं करत होती,
मध्येच एक हात कमरेवर,
दुसरा पिठात.
रात्री पलंगावर झोपली तर
पाय बाहेर, स्टुलावर.
चादर पायावर ओढली की खांदे उघडे,
खांद्यावर ओढली की पाय.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
पाय तिचे काही रोज वाढत नव्हते.
अंथरूण आम्हीच कधी वाढवलं नाही.
बत्तीस वर्षं. साधी दोन वार चादर.

"ताई, किती घेऊ? माल कालवलाय."
"अजून एक थर घ्या."
"तुम्हाला उंच पडंल."
"पडू द्या. मला पाट हाय."
चौकटही सात फुटी सांगितली.
मिस्त्रीनं मला वरून खालपर्यंत बघितलं,
खालपर्यंत यायला त्याला वेळ लागला नाही.

परवा अक्का आली.
नव्या दारातून सवयीनं वाकूनच आत आली,
वर हातभर जागा मोकळी.
मी काही म्हणाले नाही.
आरशापुढं उभी राहिली,
पहिल्यांदाच टिकली न वाकता लावली,
तरी काही म्हणाली नाही.

मग पोळ्या. पंधरा, वीस, पंचवीस.
मी शेजारी पाटावर चढून कणीक मळतेय,
पाट डुगडुगतोय,
एक पाय त्याचा आखूड निघाला.
तिचं लाटणं थांबलं.
"कामून गं," ती म्हणाली,
"आज कंबर दुखंना माझी?"

"हवा बदलली असंल," मी म्हटलं.
अन् एका हातानं तिचा पदर धरून
पाटावर तोल सावरला.